भिकाजी मास्तरांचे नाचे उंदीर

केनवडला आता भिकाजी मास्तरांना पाहिलेली माणसं चार-दोनच उरली असतील. त्यांना विचारलंत तर ती सांगतील, ‘हो, उंदीरमास्तर. डोकं फिरलं होतं त्यांचं. उंदीर पाळायचे आणि उंदरांवरून लोकांच्या घरातलं सांगायचे.’ मागच्या खेपेला गावी गेलो तेव्हा पारावर एका तरुणानं मला हीच गोष्ट हसत हसत ऐकवली. मीही हसलो. घरी येऊन मात्र कागद घेऊन बसलो. मास्तरांचं डोकं ठिकाणावर होतं. ते म्हणत होते ते खरं होतं, आणि ते खरं आहे असं सांगितल्यावर लोकांनी मानलं असतं असा एकच माणूस आमच्या ओसरीवरच्या बैठकीत होता. तो मी होतो. माझं वय आता असं आहे की हे पुढं ढकलण्यात अर्थ नाही.

दुसरी लढाई सुरू व्हायच्या सात-आठ वर्षं आधी ते केनवडच्या मराठी शाळेत हेडमास्तर होऊन आले. मी बावीस वर्षांचा, गावचाच, नुकता नेमलेला दुय्यम शिक्षक. शाळेत आम्ही दोघंच. मास्तर अकोटकडचे. बायको फार पूर्वी वारलेली, मूलबाळ नाही. अंगानं काटकुळे, उन्हाळा-हिवाळा काळा कोट. कोटाच्या उजव्या खिशात किल्ल्यांचा जुडगा आणि डाव्या खिशात भुईमुगाच्या शेंगा. शेंगा फोडल्याशिवाय त्यांना विचार करता येत नसे. त्यांच्या खुर्चीखाली टरफलांचा ढीग मोठा दिसला की आज मास्तरांना काहीतरी नवीन सुचलंय, हे पोरं ओळखत.

त्यांची एक सवय सगळ्या गावाला पाठ होती. कोणी काही सांगायला आलं की ते आधी विचारत, “पाह्यलं का आयकलं?”

“गुर्जी, नाल्याले पूर आला!”

“पाह्यलं का आयकलं?”

“आयकलं.”

“मंग पाहून ये, न् मंग सांग.”

पोरगं धूम ठोकी आणि त्याच्यामागं अर्धा वर्ग. शाळेतून सुटायची ही युक्ती पोरांना फार लवकर सापडली. मास्तरांना ते कळत नव्हतं असं नाही. पण परत आलेल्या प्रत्येकाला पाणी कोणत्या दगडापर्यंत होतं ते सांगावं लागे, आणि दोघांचे दगड वेगळे निघाले की दोघांनाही पुन्हा जावं लागे.

एकदा वाण्यानं त्यांना सांगितलं, “मास्तर, तुमच्या शाळेत भूत हाय म्हन्ते.”

“पाह्यलं का आयकलं?”

“आयकलं बाप्पा, पाहीन कायले?”

“मंग कोनाले दिसलं तं त्याले मह्याकडे पाठवा. पटावर एक पोरगं कमी पडून राह्यलं.”

उंदीर आले ते शिरपूरच्या बाजारातून. मीच बरोबर होतो. देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर एक फिरता खेळवाला काचेची पेटी मांडून बसला होता. पेटीत पांढरे-काळे ठिपके असलेले चार चिमुकले उंदीर एकाच जागी गोल गोल गिरक्या घेत होते. शेपटीमागं लागल्यासारखे, इतके जोरात की डोळा ठरत नव्हता. खेळवाला डफडं वाजवून ओरडत होता, “देखो देखो, डफ पे नाचनेवाला चूहा! चीन देश का नाच!” माणसं खुळी झाली होती. मास्तर मात्र उंदरांकडे न बघता डफड्याकडे बघत होते. थोड्या वेळानं खेळवाला घाम पुसायला थांबला.

मास्तर मला कोपरानं ढोसून म्हणाले, “पांडोबा, डफडं थांबलं. नाच कुठं थांबला?”

मग त्यांनी खिशातला जुडगा काढला आणि पेटीच्या मागच्या बाजूनं, उंदरांना दिसणार नाही असा, एकदम खणखणवला. पेटीशेजारी खेळवाल्याचं माकड झोपलं होतं ते दचकून उठलं. उंदरांनी कानसुद्धा हलवला नाही.

“हे बहिरे हायेत,” मास्तर म्हणाले.

खेळवाला चिडला. “अरे मास्टर, धंदा खराब मत करो!”

“खराब नाई करत. एक जोडी देऊन टाक मले, म्हंजे मी चूप बसतो.”

अशी ती जोडी केनवडला आली. मास्तरांची खोली शाळेलाच लागून होती. रॉकेलचे डबे आडवे कापून, वर जाळी ठोकून त्यांनी घरं केली. आत कापूस, ज्वारीचे दाणे, शेंगा. महिन्याभरात पिल्लं झाली. ती चालायला लागली तशी गिरक्या घ्यायला लागली. मास्तर रोज सकाळी प्रत्येक डब्यामागं उभं राहून किल्ल्या वाजवत. साध्या घरच्या उंदराला आवाज ऐकू आला की त्याच्या कानाची पाळी क्षणभर थरथरते. हे मी तोवर कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यानंतर कधी विसरलो नाही. नाच्यांच्या पाळ्या हलत नसत. फक्त एकदा, डोळे नुकते उघडलेल्या दोन पिल्लांच्या पाळ्या हलल्यासारख्या वाटल्या. तीन-चार दिवसांनी पुन्हा वाजवलं, तर काही नाही.

“पीक उगवलं न् जळलं,” मास्तर हळू आवाजात म्हणाले. मला काही समजलं नाही.

समजलं दुसऱ्या दिवशी. त्यांनी सगळी शाळा गावाबाहेर ज्वारीच्या वावराच्या धुऱ्यावर, बांधावर, नेऊन बसवली. वारा आला की सगळं वावर एका बाजूनं वाकत जाई. मास्तरांजवळ शरीरशास्त्राचं एक जुनं इंग्रजी पुस्तक होतं, त्यातलं चित्र त्यांनी पाटीवर काढलं. म्हणाले, “कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी एक जागा हाय. तिच्यात केसाएवढं बारीक पीक उभं हाय. आवाज म्हंजे वारा. वारा आला की पीक वाकते, न् वाकलं की डोक्याले खबर जाते. आता समजा पीकच जळून गेलं. वारा येईल?”

“येईल!” सगळी पोरं.

“पन वाकन काय?”

 कोळ्याचं एक पोरगं म्हणालं, “काहीच नाई. मंग ते उंदीर नाचते कायले गुर्जी?”

“नाचत नाई ते बाबू. तोल संभाळायची जागा बी त्या शंखालेच चिकटून हाय, ते बी बिघडलेली. ते तोल शोधून राह्यले.”

पोरांनी त्या दिवशी घरी जाऊन आपापल्या आजोबांच्या कानात डोकावून वावर शोधलं. दोन म्हाताऱ्यांनी शाळेत येऊन तक्रार केली.

पुढच्या वर्षभरात मास्तरांनी जे केलं त्यावरच सगळं उभं आहे, म्हणून ते नीट सांगतो. त्यांनी शाळेच्या धान्याच्या खोलीतला एक साधा करडा उंदीर पकडला आणि नाच्या मादीबरोबर ठेवला. पिल्लं सगळी करडी झाली. एकही नाचलं नाही. सगळ्यांचे कान किल्ल्यांना हलत. मला वाटलं, बहिरेपण गेलं. मास्तर म्हणाले, “गेलं का लपलं, ते पाहू.” मग त्या पिल्लांतलेच भाऊ-बहीण त्यांनी एकत्र ठेवले. आईबाप दोघंही धडधाकट, दोघंही ऐकणारी. त्यांच्या पिल्लांत मात्र नाचे पुन्हा निघाले. सगळे नाहीत, चारात एखादं. खोलीच्या भिंतीवर मास्तरांनी याचा हिशेब ठिपक्यांनी मांडला. ऐकणारा म्हणजे गेरूचा ठिपका, बहिरा म्हणजे चुन्याचा. वरून खाली रेघा. शेवटी भिंत एखाद्या उलट्या झाडासारखी दिसायला लागली.

“दोन्हीकडून आलं तरच बाहेर पडते,” ते मला म्हणाले. “एकीकडून आलं तं नुसतं बसून राह्यते. कोनाले दिसत नाई.”

आता माझ्या घराकडे येतो.

माझा थोरला भाऊ किसनदादा. त्याची बायको यमुनावहिनी ही आमच्या सख्ख्या मामाची मुलगी. आमच्याकडे मामाची मुलगी करणं ही पहिली पसंत. घरातली लेक घरात येते, सासू ही आत्याच असते. वहिनीला तीन लेकरं झाली. थोरला नामदेव, मग शेवंता, मग सोपान. नामदेवला आणि सोपानला ऐकू येत नव्हतं, म्हणून बोलताही येत नव्हतं. शेवंता मात्र दिवसभर चिवचिव करी.

नामदेव सहा वर्षांचा झाला तेव्हा मास्तर स्वतः आमच्या घरी आले. ओसरीवर बसून म्हणाले, “याले शाळेत घालून द्या.”

माय म्हणाली, “मुक्याले शाळा कायले मास्तर? तो काय पाढे म्हनन?”

“म्हनन नाई. लिहीन.”

नामदेवनं अक्षर असं उचललं की पाटीवर दुसऱ्या पोरांचं अक्षर त्याच्याशेजारी ठेववत नसे. मास्तर खडूनं काढत आणि तो त्याच्यावर बोट फिरवी, मग डोळे मिटून हवेत काढी. त्याला काही सांगायचं झालं तर मी हातांनी सांगत असे. भूक, पाणी, बैल, थांब, रागावलास का. मास्तर एक दिवस मला म्हणाले, “पांडोबा, हे हातानं बोलनं तुमी कुठं शिकले?”

“असंच,” मी म्हणालो.

ते ‘असंच’ खोटं होतं. माझा जन्म आजोळचा आणि दहा वर्षांचा होईपर्यंत मी तिथंच वाढलो. आमच्या आजोळचं गाव जऊळक्याजवळ. आईचा सगळ्यांत धाकटा भाऊ, धोंडूमामा, माझ्याच वयाचा. आजी आणि माय दोघी एकाच वर्षी बाळंत झाल्या होत्या. मामा-भाचे आम्ही एका पाळण्यात वाढलो. धोंडू जन्मापासून बहिरा होता. बैलाच्या गळ्यातल्या घाटीवर, म्हणजे घंटेवर, तळवा ठेवून तो बैल हलला की नाही ते ओळखी. आम्हाला कोणी शिकवलं नाही. आमचे हात आपोआप बोलायला लागले. दहाव्या वर्षी आम्हा दोघांनाही मुदतीचा ताप आला. मी उठलो, धोंडू उठला नाही. त्यानंतर घरात त्याचं नाव निघालं की माय म्हणे, ‘तापानं कान गेले न् मंग तो बी गेला.’ घरात लग्नाची पोरं-पोरी होती. जन्माचा बहिरा आपल्या रक्तात आहे, हे कोण सांगत बसणार? मीही हळूहळू तसंच सांगायला लागलो.

सोपान दोन वर्षांचा होऊनही हाकेला वळेना, तेव्हा घरात बोलणं सुरू झालं. मायनं वहिनीकडे पाहणं सोडून दिलं. ‘तिच्या मायच्या माहेरचं काहीतरी असन,’ म्हणजे मामीकडचं. दादाला दुसरी बायको करायची, वहिनीला दोन्ही मुक्या पोरांसह माहेरी पोचवायचं आणि शेवंताला ठेवून घ्यायचं, असं ठरत आलं. वहिनी आपली कामं करत राही. एकदाच विहिरीवर मला म्हणाली, “भाऊजी, तुमचे मास्तर उंदरावरून काय काय सांगतेत म्हन्ते. माह्यासाठी बी काही सांगतीन काय?”

मी ते मास्तरांना सांगितलं. त्यांनी त्याच दुपारी भिंतीच्या कोऱ्या भागावर आमचं घर मांडलं. खाली तीन ठिपके: पांढरा, तांबडा, पांढरा. वर दादा आणि वहिनी, दोघे तांबडे. त्यांच्या वर एकीकडे माय, दुसरीकडे मामा, आणि दोघांच्या वर एकच जोडपं, माझे आजी-आजोबा. मास्तर शेंगा फोडत कितीतरी वेळ बघत राहिले. मग माय आणि मामा यांच्या मध्ये, त्याच ओळीत, एका रिकाम्या जागेवर बोट ठेवून म्हणाले, “इथं एखादा पांढरा ठिपका निघाला, तं सगळं सुटते. मंग दोष एकट्या पोरीचा राह्यत नाई. दोघाईच्या घरून सारखंच आलं. कोनी होतं काय, पांडोबा?”

चुन्याचं बोट तिथं टेकवायला मला एक क्षण लागला असता. माझी स्वतःची सोयरीक रिसोडला ठरली होती. तिथी धरायची तेवढी बाकी होती. मी म्हणालो, “आठवत नाही.”

बैठक आमच्याच ओसरीवर झाली. भावकीतली पाच-सहा माणसं, मामा, दादा. माय दाराच्या आड. वहिनी आत चुलीशी. मास्तरांना कोणी बोलावलं नव्हतं. ते आले, आणि कोट काढून मांडीवर ठेवून बसले. त्यांनी सगळं सोपं करून सांगितलं. एक म्हातारा हसला, “मास्तर, आमच्या पोरीले तुमी उंदराच्या रांगेत बसवता काय?”

“रांगेत तुमी बसवून राह्यले पाटील. मी उठवून राह्यलो. कूसच खराब असती तं मधली पोरगी ऐकती काय? तिले काहून ऐकू येते, सांगा बरं.”

 तेव्हा मामा, जे इतका वेळ मान खाली घालून बसले होते, म्हणाले, “माहा धाकला भाऊ धोंडू जन्माचा बहिरा होता.”

दाराआडून माय कडाडली, “खोटं कायले बोलतं रे दादा? तापानं गेले त्याचे कान! पोरीपायी मेलेल्या भावाले बट्टा लावतं?”

मामा मुलीकडचे. ते काही म्हणाले तरी सोयीचं बोलतात असंच धरलं जाणार. सगळ्यांचे चेहरे तसेच झाले. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं त्या एका क्षणात त्यांना माझे हात आठवले असावेत.

“पांडोबा, तुमी तिथं वाढले. धोंडू तापाच्या आधी ऐकत होता काय?”

दाराच्या फटीत मायचा डोळा दिसत होता. आत भाकरी थापायचा आवाज थांबला होता.

“ऐकत होता,” मी म्हणालो.

“पाह्यलं का आयकलं?” मास्तर हे नेहमीसारखं म्हणाले नाहीत. जवळजवळ विनवणी होती ती.

“पाहिलं,” मी म्हणालो. “आम्ही बोलत होतो.”

खरं तेवढंच होतं की आम्ही बोलत होतो.

मास्तर उठले, कोट घातला, आणि मामांच्या खांद्यावर हात ठेवून निघून गेले. माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी शाळेत त्यांनी मला नेहमीसारखाच पट भरायला दिला.

वहिनी आठ दिवसांत गेली. बैलगाडीत तिच्या दोन्ही बाजूंना दोन पोरं, आणि ओट्यावर शेवंता, जिला काय चाललंय ते कळत नव्हतं आणि जी एकटीच बोलत होती. नामदेवनं मला हातांनी विचारलं, केव्हा परत? मी उद्या म्हणून सांगितलं.

मग गावाची जीभ सुटली. ‘उंदीरमास्तर’ हे नाव तेव्हा पडलं. त्यांचं डोकं फिरलंय, त्यांनी बहीण-भावांत लावून दिली, असं लोक म्हणत, आणि पुरावा म्हणून माझं नाव सांगत: ‘त्याईच्या हाताखालच्या मास्तरानंच खोटं पाडलं.’ त्यात कोणीतरी प्लेगची आठवण काढली. आमच्या भागात प्लेगनं घरंच्या घरं ओस पडलेली म्हाताऱ्यांनी पाहिली होती. शाळेशेजारी उंदरांचे डबे आहेत एवढं कळल्यावर लोकांनी पोरं पाठवणं बंद केलं. वर अर्ज गेला. मास्तरांची बदली झाली. त्यांनी करडे उंदीर दूर माळावर सोडले. नाच्यांना सोडून उपयोग नव्हता. ते पहिल्या मांजराला सापडले असते. एका लहान डब्यात तीन नाचे घेऊन ते गेले.

नव्या हेडमास्तरांनी मला ती खोली साफ करायला सांगितली. भिंतीला चुना मी मारला. दोन हात दिल्यावर गेरू दिसेनासा झाला. आमच्या घराच्या ठिपक्यांपाशी आलो तेव्हा ब्रश थांबेल असं मला वाटलं होतं. थांबला नाही.

दादाचं दुसरं लग्न झालं. ती मुलगी पार पुसदकडची, आमच्या नात्यागोत्यात नसलेली. तिला चार मुलं झाली, चारही टुणटुणीत, ऐकणारी. गावानं निकाल दिला: पाहा, दोष यमुनाचाच होता. हे मास्तरांच्या कानावर कुठून तरी गेलं. मला त्यांचं एक कार्ड आलं. त्यात लिहिलं होतं: ‘पांडोबा, गावानं माझाच प्रयोग केला. नाच्या घरात करडा उंदीर आणला. पिल्लं ऐकणारी झाली यात नवल काय? पण ज्याचं उत्तर मी दोन्हीकडून आलं असं काढलं, त्याचं त्यांनी एकट्या पोरीकडून आलं असं काढलं. असो. त्या चार लेकरांची सोयरीक पुन्हा घरातल्या घरात करू नका, एवढं मात्र पाहा.’ शेवटी ‘आपला भिकाजी’. आरोपाचा एक शब्द नाही. मी उत्तर दिलं नाही. पुढं दादाच्या एका मुलासाठी आमच्या आजोळच्याच नात्यातल्या मुलीची बोलणी निघाली, तेव्हा मी काही तरी निमित्त काढून ती मोडली. खरं कारण तेव्हाही सांगितलं नाही.

मास्तर केनवड सोडून गेल्यावर मी त्यांना एकदाच पाहिलं. नऊ-दहा वर्षं लोटली होती. लढाई चालू होती, रॉकेल मिळत नव्हतं. मी आता रिसोडकडच्या एका शाळेत होतो, चष्मा लागला होता, मिशी राखली होती. बदलीसाठी पत्र्याची पेटी घ्यायला शिरपूरच्या बाजारात गेलो. पेटी घेतली की झाकणावर नाव रंगवून घ्यायची पद्धत होती. दुकानदार म्हणाला, “त्या झाडाखालच्या पोराकडून घ्या. मुका हाय, पन अक्षर पाहान तं पाहात राहान.”

झाडाखाली सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा मांडी घालून बसला होता. पुढं पांढऱ्या आणि पिवळ्या रंगाचे डबे, मागं रंगवलेल्या चार-पाच पेट्या वाळत ठेवलेल्या. ते अक्षर मी लांबूनच ओळखलं. त्याचा ‘भ’ मास्तरांचा होता. मुलानं पेटी पुढं ओढून घेतली, फडक्यानं पुसली आणि माझ्या हातात पाटी-पेन्सिल दिली. नाव लिहा, अशी खूण केली.

मी ‘पांडुरंग’ लिहिलं. पुढं ‘इंगोले’ लिहायचं होतं. ते त्याचंही आडनाव होतं. मुलगा वाट बघत माझ्याकडे बघत होता, आणि मान वर करून मला दिसलं की समोरच्या पाणपोईवरून भिकाजी मास्तर रस्ता ओलांडून येत आहेत. पाठ वाकली होती, कोट तोच किंवा तसाच.

मी सासऱ्यांचं आडनाव लिहिलं. पांडुरंग गावंडे.

मास्तर आले. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला. तो उजळला हे मी आजही शपथेवर सांगेन. “पांडोबा! अरे बाप्पा, चष्मा!” मग त्यांची नजर पाटीकडे गेली. ती त्यांनी वाचली. मुलगा पाटी घ्यायला हात पुढं करून बसला होता.

“हेच घालायचं?” मास्तरांनी विचारलं.

“हो.”

त्यांनी पाटी मुलाच्या हातात दिली. मुलानं एकदा पाटीकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं आणि कुंचला रंगात बुडवला. त्यानं मला ओळखलं नाही, असं मी इतकी वर्षं मानत आलो आहे. काम होईपर्यंत मास्तर आणि मी शेजारी उभे होतो. ते म्हणाले, इथल्याच शाळेतून निवृत्त झालो; सुट्टीच्या दिवशी यमुनाच्या माहेरी जात होतो, मग पोरालाच इकडं आणलं; धाकटा सोपान सुताराकडे बसतो. यमुना दुपारी भाकरी घेऊन येते. “थांबता काय? येईलच आता.”

“गाडी ठरवली आहे,” मी म्हणालो. “उशीर होईल.”

“रंग ओला हाय. झाकन वर ठेवून न्या.”

मी पेटी गाडीत चढवली. बैल वळले तेव्हा मागं पाहिलं. देवळाच्या बाजूनं डोक्यावर टोपली घेतलेली एक बाई येत होती. मास्तरांनीही तिला पाहिलं असावं, कारण ते झाडाखालून चार पावलं रस्त्यावर आले, आणि माझ्या गाडीकडे तोंड करून त्यांनी हात वर केला. तो निरोपाचा हात होता की थांबा म्हणणारा, ते धुरळ्यात मला समजलं नाही. गाडीवानानं विचारलं, “म्हातारबुवा बलावून राह्यले काय जी? थांबू?”

मी त्याला म्हणालो, “गाडी हाक.”